‘झोहर सांगतो’, पण कुठल्या पानावर?

प्रति,
कबाला, झोहर आणि हिब्रू अक्षरविद्या या विषयांवर मराठीत पुस्तके काढणारे प्रकाशक, त्यांचे भाषांतरकार व संपादक, तसेच याच नावाने वर्ग घेणारे शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

‘झोहर सांगतो की…’ असे वाक्य छापायला देण्याआधी त्यापुढे पानाचा क्रमांक लिहून पाहा. लिहिता आला तर वाक्य ठेवा, नाही आला तर काढा. आमची मुख्य मागणी एवढीच आहे. ती का करावी लागते आणि कशी पाळता येते, हे सांगण्यासाठी बाकीचे पत्र.

झोहर हा कबालाचा, म्हणजे ज्यू गूढविद्येचा, मुख्य ग्रंथ. त्यातला पत्ता देणे अवघड नाही. 1558 ते 1560 या काळात इटलीत मांतुआ येथे झोहर तीन खंडांत छापला गेला. क्रेमोना येथे त्याच सुमारास एका मोठ्या खंडाची आवृत्ती निघाली, पण पुढे रूढ झाली ती मांतुआची पानमांडणी. त्यामुळे संदर्भ खंड, पत्र आणि पत्राची बाजू असा देतात. ‘3:127ब’ म्हणजे तिसरा खंड, 127वे पत्र, मागची बाजू. इद्रा रब्बा हा भाग 3:127ब ते 145अ, इद्रा झूटा 3:287ब ते 296ब, आणि सिफ्रा दि-त्झनिउता हे अगदी छोटे, कोड्यासारखे प्रकरण 2:176ब ते 179अ. ज्ञानेश्वरीतले वचन अध्याय आणि ओवी न देता आले तर कुठलाही बरा मराठी संपादक ते परत पाठवतो. झोहरला वेगळा न्याय कशासाठी? दोन्ही ग्रंथ एकाच काळातले आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो. नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच सुमाराला स्पेनच्या कास्तील प्रांतात झोहरची प्रकरणे हातोहात फिरू लागली होती.

इथेच पहिली चूक होते. ‘अठराशे वर्षांपूर्वीचा झोहर’ असे मलपृष्ठावर बिनदिक्कत छापले जाते. ग्रंथाच्या आतली भूमिका तशी आहे खरी: दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योखाय आणि त्यांचे सोबती त्यात बोलतात, आणि श्रद्धावान ज्यू आजही तो त्यांचाच मानतात. पण हिब्रूतली स्वरचिन्हे दुसऱ्या शतकात अस्तित्वातच नव्हती, आणि झोहर मात्र त्यांच्या नावांवर व आकारांवर भाष्य करतो. त्याची अरामी भाषा बोलीतून आलेली नाही, ग्रंथांतून शिकलेली आहे. झोहरच्या पोथ्या ज्यांच्या हातून बाहेर आल्या ते कास्तीलचे मोशे दे लिओन 1305 मध्ये वारले. त्यानंतर अक्कोच्या इसहाक यांनी चौकशी केली तेव्हा, मूळ जुनी पोथी नव्हतीच, नवऱ्याने स्वतःच्या डोक्यातून लिहिले, असे विधवेने सांगितल्याची हकीकत त्यांच्या कानी आली. ती अब्राहम झाकुतो यांच्या इतिहासग्रंथात जपली गेली. अठराव्या शतकात याकोब एम्डेन या कर्मठ रब्बीनेच 1768 साली झोहरच्या प्राचीनतेवर सविस्तर शंका घेतल्या. विसाव्या शतकात कबालाचे अभ्यासक गेरशोम शोलेम यांनी भाषेच्या पुराव्यावर दे लिओन यांच्याकडे बोट दाखवले. आता बरेच अभ्यासक एका माणसाऐवजी एका मंडळाचे काम मानतात. प्रकाशकाने काय करावे? ‘परंपरेनुसार दुसरे शतक, संशोधनानुसार तेरावे’ असे लिहावे. एका ओळीत दोघांचाही मान राहतो.

झोहर हे एकसंध पुस्तकही नाही. मुख्य भाग तोरावरचे (मोशेच्या पाच ग्रंथांवरचे) भाष्य, त्यात गुंफलेल्या इद्रा, शिवाय ‘राया मेहेम्ना’ आणि ‘तिक्कुने झोहर’ ही थोड्या नंतरच्या वेगळ्या हाताची भर. दहा सेफिरोतची, म्हणजे ईश्वराच्या प्रकट होण्याच्या दहा अंगांची, सुबक यादी ज्यांना झोहरमधून उद्धृत करायची असते, त्यांना ती बहुधा तिक्कुने झोहरमध्ये सापडते. मुख्य झोहर ‘सेफिरोत’ हा शब्दच क्वचित वापरतो. तो पायऱ्या, मुकुट, नद्या, रंग, राजा-राणी अशा भाषेत बोलतो. तेव्हा ‘झोहरमधील दहा सेफिरोत’ या मथळ्याखाली कुठला थर आहे ते सांगायला हवे.

झोहरच्या मागेपुढेही ग्रंथ आहेत, आणि ते मराठीत जवळपास अदृश्य आहेत. ‘सेफर येत्झिरा’ इतका लहान आहे की त्याचा छोटा पाठ सुमारे 1300 शब्दांत संपतो. सादिया गाओन यांनी 931 मध्ये त्यावर भाष्य लिहिले, म्हणजे तो त्याआधीचा हे नक्की. त्यात दहा सेफिरोत आणि 22 अक्षरे मिळून 32 वाटा सांगितल्या आहेत. अक्षरांचे गट तीन: 3 माता (आलेफ, मेम, शीन), 7 दुहेरी, 12 साधी. पण केतेर, खोखमा, बिना ही सेफिरोतची नावे त्यात या अर्थाने नाहीत, आणि त्यांच्या झाडाची आकृती तर नाहीच. बाराव्या शतकाच्या अखेरीस प्रोव्हान्समध्ये दिसू लागलेला ‘बाहीर’, गिकातिलाचे ‘शारे ओरा’, मोशे कोर्दोवेरोचे 32 दरवाजांचे ‘पार्देस रिम्मोनीम’ (1548 मध्ये पूर्ण), आणि खाईम विताल यांचे ‘एत्झ खाईम’ हे पुढचे टप्पे. इसहाक लुरिया (1534–1572) या थोर कबालिस्टांच्या नावावर ‘लुरियाचे पुस्तक’ म्हणून काही विकले जात असेल तर सावध व्हा. त्यांनी स्वतः फार थोडे लिहिले: काही भाष्ये, आणि शब्बाथच्या जेवणावेळी म्हणायची तीन अरामी पदे. त्सिमत्सुम (ईश्वराचे आकुंचन), पात्रांचे फुटणे, तिक्कून (दुरुस्ती) हे सगळे आपल्यापर्यंत पोहोचते ते शिष्यांच्या, मुख्यतः विताल यांच्या, लेखणीतून. आणि विताल यांची हस्तलिखितेही मुलाने आणि नंतरच्या संपादकांनी निरनिराळी रचली. ‘एत्झ खाईम’ छापून आले ते 1782 मध्ये, कोरेत्स येथे.

आता बाहेरच्या अर्थांकडे येऊ. ते सगळे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांनाही पाचशे वर्षांचा स्वतःचा इतिहास आहे. 1486 मध्ये पिको देल्ला मिरांदोला या इटालियन विद्वानाने 900 प्रमेये मांडली आणि कबालातून ख्रिस्ताचे देवत्व सिद्ध होते असा दावा केला. रॉइश्लिन या जर्मन विद्वानाने 1517 मध्ये त्यावर लॅटिन ग्रंथ रचला. ही ख्रिस्ती कबाला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एलिफास लेवी आणि 1888 पासून लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाने टॅरो, ग्रह, किमया आणि सेफिरोत एकाच तक्त्यात बसवले. ती हर्मेटिक कबाला. इंग्रजीत या तिन्हींसाठी निरनिराळी आद्याक्षरे वापरण्याचा संकेत आहे. ज्यू परंपरेला के, ख्रिस्तीला सी, हर्मेटिकला क्यू. देवनागरीत तिन्ही ‘कबाला’च होतात आणि वाचकाच्या हातातली एकुलती एक खूण पुसली जाते. म्हणून मुखपृष्ठावर, उपशीर्षकात, विशेषण छापा: ज्यू कबाला, ख्रिस्ती कबाला, हर्मेटिक कबाला. टॅरोच्या पुस्तकावर ‘हर्मेटिक’ लिहिले तर आमचा त्यावर काहीही आक्षेप नाही.

भाषांतराची साखळी हा याहून गंभीर मुद्दा आहे. 1887 साली लंडनमध्ये मॅथर्स (पुढे गोल्डन डॉनचे एक संस्थापक) यांनी सिफ्रा दि-त्झनिउता आणि दोन्ही इद्रा इंग्रजीत आणल्या. त्यांनी त्या अरामीतून घेतल्या नाहीत. क्नोर फॉन रोझेनरोथ या जर्मन ख्रिस्ती विद्वानाने 1677 ते 1684 मध्ये काढलेल्या लॅटिन संग्रहातून त्या घेतल्या. त्या लॅटिनमागे ख्रिस्ती हेतू उघड होता. मॅथर्स यांनी त्यात स्वतःची स्पष्टीकरणे मिसळली. या इंग्रजी पुस्तकाचे हक्क संपलेले आहेत, ते फुकट मिळते, आणि म्हणूनच भाषांतरासाठी पहिली उडी त्यावर पडते. मराठी वाचकाला तेव्हा अरामी, लॅटिन, इंग्रजी, मराठी असा चौथ्या हाताचा माल मिळतो, आणि वर ‘झोहर: मूळ ग्रंथाचा अनुवाद’ अशी पट्टी.

हे विशेष टोचते, कारण त्याच 1887 साली त्याच इद्रा झूटाचे दुसरे भाषांतर आपल्या पुण्यात छापले गेले होते. अब्राहम डेव्हिड एझिकिएल या पुण्याच्या बगदादी ज्यू गृहस्थाने ते ज्यू-अरबीत काढले, मधे लॅटिनचा पडदा न ठेवता. बगदादच्या रब्बींनी त्याला कडाडून विरोध केला. इतके गूढ प्रकरण बोलीभाषेत कोणाच्याही हाती द्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. गंमत अशी की एझिकिएल स्वतः थिऑसॉफिस्ट होते. म्हणजे ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ यांच्यातली रेघ वाटते तितकी सरळ नाही. म्हणूनच माणसाच्या धर्मापेक्षा ग्रंथाची साखळी तपासणे शहाणपणाचे. मूळ कोणते, कुठल्या भाषेतून, कोणाच्या हातून, हे तीन तपशील हक्कपृष्ठावर मावतात.

आकृतीबद्दल. तुमच्या पुस्तकातले सेफिरोतच्या ‘जीवनवृक्षा’चे चित्र कुठून आले हे शोधायची सोपी युक्ती आहे: सर्वांत खालच्या मल्खुतला किती वाटा येऊन मिळतात ते मोजा. लुरियाच्या परंपरेतल्या मांडणीत एकच वाट येते, येसोदकडून. त्याऐवजी वर दोन तिरक्या रेघा जास्त असतात, खोखमा ते गेवुरा आणि बिना ते खेसेद. एकूण 22 वाटा: 3 आडव्या, 7 उभ्या, 12 तिरक्या. 3 माता, 7 दुहेरी, 12 साधी हा येत्झिराचा हिशेब त्यावर तंतोतंत बसतो. मल्खुतला तीन वाटा (नेत्साख, होद, येसोदकडून) असतील तर ती लुरियाची आकृती नव्हे. अशा आकृतीच्या वाटांवर टॅरोच्या पानांचे क्रमांकही असतील, तर ती गोल्डन डॉनची, आणि तिच्यामागे किर्खर या जेझुइट पंडिताने 1650च्या दशकात छापलेला नकाशा आहे. तीन वाटांच्या चित्राखाली ‘लुरियाचा वृक्ष’ अशी ओळ छापू नका. चित्रात अकरा वर्तुळे असतील तर तेही तपासा. ‘दहा, नऊ नव्हे, दहा, अकरा नव्हे’ असे येत्झिरा बजावून सांगतो. ते अकरावे वर्तुळ म्हणजे दाआत; तो मोजायचा असेल तर केतेर मोजत नाहीत.

टॅरोविषयी एवढेच. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला निघाले. 1781 पर्यंत त्यातल्या 22 चित्रपत्त्यांचा हिब्रू अक्षरांशी संबंध कोणी छापला नव्हता, आणि जोडला तो फ्रेंच लेखकांनी. खुद्द जोडणाऱ्यांचे एकमत नाही. लेवीच्या तक्त्यात आलेफ ‘जादूगार’ या पत्त्याला मिळते, गोल्डन डॉनच्या तक्त्यात ‘मूर्ख’ या पत्त्याला, आणि त्यामुळे पुढची जवळजवळ सगळी अक्षरे एकेक घर सरकतात. एकाच पुस्तकात दोन्ही तक्ते आले की वाचकाला एका पत्त्यासाठी दोन अक्षरे मिळतात. ही नुसती मुद्रणाची चूक समजून दुरुस्त करू नका, आधी तक्ता कोणाचा ते ठरवा.

चक्रांची गोष्ट आपल्याकडची, म्हणून थोडे थांबतो. दहा सेफिरोत सात चक्रांत बसत नाहीत, तेव्हा जोड्या एकत्र करतात: खोखमा-बिना एक, खेसेद-गेवुरा एक, नेत्साख-होद एक. उरतात केतेर, तिफेरेत, येसोद, मल्खुत. झाली सात! तक्ता देखणा दिसतो, पण त्याने झोहरचा कणाच मोडतो. उजवीकडचे खेसेद म्हणजे कृपा आणि डावीकडचे गेवुरा म्हणजे कठोर न्याय, यांच्यातला ताण हीच झोहरची मूळ चिंता आहे. न्याय कृपेपासून तुटला की ‘सित्रा आख्रा’, दुसरी बाजू, म्हणजे दुष्टाचे राज्य उभे राहते. दोघांना एका वर्तुळात कोंबले की सांगण्यासारखे काही उरत नाही. शिवाय सेफिरोत ही आधी ईश्वराच्या प्रकट होण्याची अंगे आहेत, साधकाच्या कण्यातली केंद्रे नव्हेत. देहाशी जोडणी परंपरेत आहे, नाही असे नाही. तिक्कुने झोहरच्या 17अ वरील ‘पातख एलियाहू’ या उताऱ्यात ती स्पष्ट येते: खेसेद उजवा हात, गेवुरा डावा हात, तिफेरेत धड, नेत्साख आणि होद दोन पाय, येसोद सुंतेची खूण, आणि मल्खुत म्हणजे तोंड. मल्खुतला मूलाधार म्हणणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा.

‘गिल्गुल’ म्हणजे पुनर्जन्म, हे भाषांतर चालेल, पण त्यामागे आपली चौऱ्यायशी लक्ष योनींची कल्पना आपोआप घुसते, ती थोपवावी लागेल. सुरुवातीच्या कबालात गिल्गुल हा सर्वांना लागू असलेला नियम नव्हता. निपुत्रिक मेलेल्याच्या विधवेशी दिराने लग्न करण्याचा विधी, ठरावीक पापे, राहून गेलेल्या आज्ञा यांच्याशी तो बांधलेला होता, आणि ईयोबच्या ग्रंथातल्या (33:29) ‘दोनदा, तीनदा’ या शब्दांवरून बरेच जण तो तीन फेऱ्यांपुरता मानत. लुरियाच्या मंडळात त्याचा पसारा वाढला. झोहरमधली मुख्य जागा 2:94ब पासून सुरू होते.

अंकशास्त्र. हिब्रू गेमात्रियात, म्हणजे अक्षरांना आकडे देऊन बेरीज करण्याच्या रीतीत, आलेफ 1 ते योद 10, मग दहादहाने कोफ 100, आणि रेश 200, शीन 300, ताव 400. ‘अहावा’ (प्रेम) ची बेरीज 1+5+2+5 म्हणजे 13. ‘एखाद’ (एक) 1+8+4, तेही 13. दोन्ही मिळून 26, आणि चार अक्षरी ईशनाम 10+5+6+5 म्हणजे 26. वचनांत लपलेले नाते उकलण्याची ही रीत आहे. आता ‘मीना’ हे नाव घ्या. हिब्रूत मेम-योद-नून-हे लिहिले तर 105, शेवटी आलेफ लिहिले तर 101. दोन्ही लेखन चालण्यासारखे. तर मग नशीब कुठल्या बेरजेचे? इंग्रजी स्पेलिंगला 1 ते 9 आकडे देणाऱ्या तक्त्याने दोन ई घालून 20, एका आयने 19. तो तक्ता गेमात्रिया नाही, त्याला ‘कबाला अंकशास्त्र’ म्हणणे निव्वळ विक्रीचे काम. मात्र ज्यू परंपरेत नाव बदलतच नाहीत, असेही लिहू नका. आजाऱ्याचे नाव बदलण्याला तालमूदचा (रब्बींच्या प्राचीन धर्मचर्चांच्या संग्रहाचा) आधार आहे (रोश हाशाना 16ब), दान, टाहो आणि वर्तनातल्या बदलाच्या जोडीने. ताईत होते, व्यवहारी कबाला होती, झोहरमध्ये चेहरा व हात वाचण्याचाही भाग आहे (2:70अ पासून). ‘शुद्ध’ कबालात असले काही नव्हते असे सांगणारी पुस्तके ग्रंथ न वाचताच लिहिलेली असतात. लुरियाने आपल्या काळात व्यवहारी कबालाला मनाई केली, ती वापरात होती म्हणूनच.

नजर लागू नये म्हणून बांधायच्या लाल दोऱ्याला मात्र झोहरचे पान मागू नका, मिळणार नाही. तोसेफ्ता या रब्बींच्या जुन्या संग्रहाच्या शब्बाथ प्रकरणात बोटाला लाल दोरा बांधणे हे परक्यांच्या निषिद्ध चालींच्या यादीत येते. ईश्वराच्या 72 नामांचे उलट आहे. त्यांचा उगम खरा आणि जुना आहे, पण उपयोगांची यादी नवी. निर्गम 14:19, 20 आणि 21 ही तीन वचने प्रत्येकी 72 अक्षरांची आहेत. पहिले सरळ लिहायचे, त्याखाली दुसरे उलटे, त्याखाली तिसरे सरळ, आणि उभे वाचत गेले की तीन-तीन अक्षरांची 72 नामे मिळतात. पहिले वाव-हे-वाव. त्यांना स्वर नाहीत आणि ती उच्चारायची नसतात. देवनागरीत ‘वेहू’, ‘येली’ असा उच्चार छापून ‘रोज 21 वेळा’ म्हणणे ही जपाची सवय तिकडे नेणे झाले.

चाळिशीआधी कबाला वाचू नये या अटीबद्दलही नेहमी अर्धेच लिहिले जाते. स्वतःला मसीहा म्हणवणारा शब्बताय झवी आणि मग फ्रांक यांच्या पंथांनी उडवलेल्या गोंधळानंतर 1756 मध्ये ब्रोडी येथील बहिष्काराच्या फर्मानात झोहरला 30 आणि लुरियाच्या लेखनाला 40 वर्षांची अट घातली गेली. लुरिया स्वतः 38व्या वर्षी वारले.

आता छपाईपुरत्या सूचना. झोहरसाठी स्टॅनफर्डची डॅनियल मॅट यांनी सुरू केलेली 12 खंडांची टीपांसह इंग्रजी आवृत्ती (2017 मध्ये पूर्ण) वापरा. 1930च्या दशकातल्या पाच खंडी इंग्रजी भाषांतरात अवघड जागा गाळलेल्या आहेत, म्हणून त्यावर विसंबू नका. मूळ अरामी व हिब्रू पाठ ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. हिब्रू अक्षरे पानात घेताना मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडची सोय सुरू नसेल तर शब्द उलटे छापले जातात, आणि हे मुद्रितशोधकाच्या लक्षात येत नाही. दालेत-रेश, हे-खेत, बेत-काफ या जोड्या भिंगाने पाहा. ‘एखाद’मधल्या दालेतचे रेश झाले की ‘एक’चा ‘दुसरा’ होतो आणि 13चे 209.

अक्षरे वाचणारी माणसे दूर नाहीत. बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाने मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये मराठी भाषांतरासह हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगांत शब्बाथच्या स्वागताचे जे ‘लेखा दोदी’ हे गीत गातात, ते गॅलिलीतल्या सफेद या गावच्या कबालिस्टांपैकी श्लोमो अल्काबेत्स यांचे, आणि त्याच्या पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांचे नाव आहे. अशा वाचकाला मानधन देऊन मुद्रिते दाखवा.

चार अक्षरी ईशनाम हिब्रूत छापू नका. त्याऐवजी नुसते ‘हे’ आणि वर स्वल्पचिन्ह, किंवा दोन योद वापरतात. पूर्ण नाव छापलेला कागद ज्यू लोक रद्दीत टाकत नाहीत, गेनिझात (जुन्या पवित्र कागदांच्या साठवणीत) ठेवून पुढे पुरतात. तुमच्या खराब प्रती, फर्मे आणि मुद्रिते रद्दीवाल्याकडे जाणार असतील, तर ही खबरदारी छपाईच्या आधीच घ्यावी लागेल.

आपले,
हिब्रू-अरामी ग्रंथांचे काही मराठी वाचक व अभ्यासक